डॉलरची कार्डं आणि आपलं सोलापूर

सोलापूर

प्रिय अनघा,

तुझा मेल परवा रात्री वाचला आणि लगेच उत्तर लिहायला घेणार होते, तर लाईट गेली. तू कायमची नाही तरी दोन-चार वर्षं इथे राहायला येणार, ही बातमी काकूंनी मला आधीच सांगितली होती. मंडईत भेटल्या होत्या. तू आलीस की विजापूर रोडच्या घराला रंग द्यायचा म्हणत होत्या. तुझ्या मेलमध्ये मात्र घरापेक्षा कार्डांचंच जास्त! शिकागोची क्रेडिट कार्डं बंद करू की ठेवू, इथे वापरली तर पॉइंट मिळतात का, मी न्यू जर्सीहून आले तेव्हा काय केलं. सांगते सगळं, चहा घेऊन बैस.

आधी एक सांग, बिल कुठल्या पैशानं भरणार आहेस? तुझं काम चालू राहणार आणि पगार तिथल्या खात्यात जमा होणार असेल, तर कार्डं ठेव आणि खुशाल वापर. तिथे राहत असताना कमावलेला पैसा इथे परतल्यावरही तिथल्या खात्यात ठेवायला परकीय चलनाच्या फेमा कायद्याचं कलम ६(४) मुभा देतं. पण इथले रुपये डॉलर करून तिकडे पाठवायचे आणि त्यातून कार्डाचं बिल भरायचं असं काही डोक्यात असेल, तर ते आत्ताच काढून टाक. इथून पैसे पाठवायला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्याला कशाला आडवी येतेय म्हणा. पण असल्या कारणासाठी वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवलेस की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, बँक वसूल करते. रिटर्न भरल्यावर त्याचा हिशेब मिळतो, पण तोवर पैसा अडकून पडतो. त्याआधी बँकेचा रूपांतराचा दर आणि पाठवणावळ आहेच. एवढं करून हातात काय, तर एक-दोन टक्क्यांचे पॉइंट. आमचा टॉवेलचा कारखाना रुपयात चालतो, म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याचं एकही बिल मी डॉलरच्या कार्डावर घेत नाही. माझी दोन कार्डं जिवंत आहेत ती तिथे मागे ठेवलेल्या पैशाच्या जोरावर, आणि तो पैसा संपला की तीही जातील.

आता कार्डाच्या दृष्टीनं बघ. त्याला सोलापूर म्हणजे परदेश! तुझी जी बिनफीची कॅशबॅक कार्डं आहेत, त्यातली बरीचशी अमेरिकेबाहेरच्या प्रत्येक व्यवहारावर ३ टक्के फॉरेन ट्रान्झॅक्शन फी लावतात. चेस फ्रीडम अनलिमिटेड आणि सिटी डबल कॅश, दोन्ही त्यातलीच. आठ हजारांच्या चादरी घेतल्यास तर २४० रुपये फी आणि दोन टक्क्यांनी १६० रुपये परत. म्हणजे खिशातले ८० रुपये देऊन पॉइंट विकत घेतलेस की! कॅपिटल वनच्या कार्डांना ही फी नाही, चेस सफायर प्रिफर्डला नाही, अ‍ॅमेक्स गोल्डलाही नाही. इथे येताना फक्त अशीच कार्डं पर्समध्ये ठेव. ही फी नसेल तर व्हिसा-मास्टरकार्डचा रूपांतराचा दर चांगला असतो, बँकेतून पैसे मागवण्यापेक्षा बऱ्याचदा सरसच. मला तर पॉइंटपेक्षा हा फायदा मोठा वाटतो, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही.

तरी दुकानात सावध राहा. मागच्या दिवाळीआधी चाटी गल्लीत पाहुण्यांसाठी चादरी घेत होते. गल्ल्यावरच्या पोरानं कार्ड मशीनमध्ये खोचलं आणि मशीननं विचारलं, रक्कम रुपयात घेऊ की डॉलरमध्ये. डॉलरचा आकडा वर, ठळक, आणि पोराचं बोट हिरव्या बटणावर. मी म्हटलं, "थांब रे, खालचं दाब." तो म्हणतो, "मॅडम, तुमचं कार्ड अमेरिकेचं आहे की, डॉलरच बरं." त्याचा बिचाऱ्याचा काय दोष! पण डॉलर निवडला की रूपांतर तुझी बँक करत नाही, मशीनवाली मंडळी त्यांच्या दरानं करतात, आणि त्यात चार-पाच टक्के सहज जातात. कधी त्याहूनही जास्त. तेव्हा जिथे जाशील तिथे रुपयेच निवडायचे, आणि पावती हातात घेऊन त्यावर आयएनआर, म्हणजे रुपये, लिहिलंय का ते दुकान सोडायच्या आत बघायचं. शिवाय काही दुकानदार कार्ड म्हटलं की "दोन टक्के जादा लागतील" म्हणतात, सोनार तर हमखास. तिथे कार्ड आत ठेव आणि सरळ यूपीआय कर.

आणि खरं सांगू का, रोजच्या खर्चात तुझी ती कार्डं बाहेर निघणारच नाहीत. भाजी, दूध, रिक्षा, शेंगाचटणी, सगळं क्यूआर कोडवर. बाहेरच्या बँकेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येत नाही, तिथे इथल्या बँकेचं रुपे क्रेडिट कार्डच लागतं. ती सोय २०२२ पासून आहे. मी एक रुपे कार्ड घेतलंय आणि किराण्याचे पॉइंट त्यावर मिळवते. तू आल्यावर तेच कर. तोपर्यंत एनआरओ खातं, म्हणजे परदेशस्थांचं इथलं रुपयातलं खातं, यूपीआयला जोडून काम चालतं.

मग डॉलरची कार्डं कुठे वापरायची? मोठ्या बिलांवर. विमानाचं तिकीट, हॉटेल, पाहुणे आले की बाहेरचं जेवण. सफायर प्रिफर्ड रेस्टॉरंटला तिप्पट पॉइंट देतं आणि गोल्ड चौपट, दोन्ही जगभर. गंमत अशी की दुकान कुठल्या प्रकारात मोडतं हे कार्डाला मशीनच्या नोंदीवरून कळतं, पाटीवरून नाही. लॉजच्या खालच्या हॉटेलात तू पोटभर जेवलीस आणि मशीन लॉजच्या नावावर असलं, तर ते जेवण नाही, मुक्काम! गोल्डचे किराण्याचे चौपट पॉइंट तर फक्त अमेरिकेतल्या सुपरमार्केटला आहेत, त्यामुळे इथल्या मॉलमध्ये त्याचा उपयोग शून्य. आणि अ‍ॅमेक्सचं मशीन इथल्या छोट्या दुकानात दिसलं तर मला फोटो पाठव.

तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नव्हती. लेक तिथेच कॉलेजात राहतेय ना? तिला तुझ्या कार्डावर ऑथराईज्ड यूजर कर, म्हणजे तुझ्याच खात्यावर तिचंही कार्ड निघेल. तिचा किराणा, तिचं बाहेरचं खाणं, सगळ्याचे पॉइंट तुझ्या खात्यात येतील, आणि तिची क्रेडिट हिस्टरी, म्हणजे उधारी फेडल्याची नोंद, तीही तयार होत जाईल. तेवढा तिला दम दे की बिल आईच्या नावावर आहे.

साठलेल्या पॉइंटचं म्हणशील तर ते कॅशबॅकमध्ये उडवू नकोस. चेसचे पॉइंट युनायटेड एअरलाइन्सच्या किंवा एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या माइल्स योजनेत वळवता येतात, अ‍ॅमेक्सचेही एरोप्लॅनला जातात. एअर इंडियाही २०१४ पासून त्यांच्याच स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे या माइल्सवर तिची तिकिटं निघतात. लेकीला सुट्टीत आणायचं तर हाच मार्ग. मुंबईपासून पुढे मात्र वंदे भारत, तिथे तुझे माइल्स कोणी विचारत नाही. फीवालं कार्ड परवडेनासं झालं तर बंद करण्याऐवजी, जमत असेल तिथे, त्याच बँकेच्या बिनफीच्या कार्डात बदलून घे, म्हणजे खात्याचं वय टिकतं. पण क्रम लक्षात ठेव, आधी पॉइंट वळवायचे आणि मग कार्ड बदलायचं. सफायर गेलं आणि नुसतं फ्रीडम उरलं, तर विमान कंपनीकडे पॉइंट वळवायचा रस्ताच बंद होतो.

विमानात बसण्याआधी करायचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे फोन नंबर. बँकेचा ओटीपी अमेरिकेच्या नंबरवरच येतो, आणि तो नंबर गेला की स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही. नंबर वीस डॉलर भरून गूगल व्हॉइसवर नेता येतो, पण काही बँका त्यावर ओटीपी पाठवत नाहीत. म्हणून तुझ्या प्रत्येक बँकेचा ओटीपी तिथे असतानाच तपासून बघ. जी पाठवत नसेल तिच्यासाठी वायफायवर चालणारा सगळ्यात स्वस्त प्लॅन ठेव. टपालाचा पत्ता भावाचा दे, नवं कार्ड तिथेच येऊ दे. पण बँकेनं राहता पत्ता विचारला तर सोलापूरचाच सांग. खोटं लिहून पॉइंट कमवण्यात काही अर्थ नाही, उद्या खातं गोठवलं तर इथून कोणाला फोन करत बसणार?

आणि बिल पूर्ण भरायचं, आपोआप भरलं जाईल असं लावून ठेव. तिथल्या कार्डांचं व्याज वीस टक्क्यांच्या वर असतं, त्यापुढे पॉइंट म्हणजे चिल्लर. हे तुला सांगायला नको, पण तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव.

इथल्या करासाठी मी ज्या सीएकडे जाते त्यांचा नंबर वेगळा पाठवते, पहिल्या वर्षी एकदा भेटच. जानेवारीच्या आत आलीस तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला जाऊ, मुलं सारखी विचारतायत. तिकीट काढलंस की तारीख कळव, स्टेशनवर गाडी पाठवते.

काकूंना नमस्कार आणि लेकीला आशीर्वाद.

तुझी,
वैशाली