चाव्यांचा जुडगा

प्रिय हरभजन,

सत् श्री अकाल आणि सप्रेम नमस्कार.

दीड वर्ष पत्र नाही म्हणून तू मला ज्या शिव्या घातल्या असशील त्या सर्व पाठ आहेत, तेव्हा उत्तरात कागद वाया घालवू नकोस. प्रकृती बरी, गुडघे आहेत तसेच.

गेल्या मंगळवारी आमच्या देवळाच्या चाव्या मी स्वतःच्या हाताने सरकारी माणसाला दिल्या. तीनच चाव्या, आजोबांनी काळ्या दोऱ्यात ओवलेल्या. गाभाऱ्याची पितळी तर तू हाताळलेली आहेस. त्याने पंचनामा लिहिला, मी सही केली, वर त्याला चहाही पाजला. रात्री झोप येईना, आणि वसतिगृहाच्या गच्चीवर ‘चाबियां दा मोर्चा’ सांगणारा तू आठवलास.

किल्ल्यांसाठी तुरुंगात जाणाऱ्यांना हट्टी म्हणावे की भाबडे, असे मी तेव्हा विचारले आणि तू आठ दिवस बोलला नाहीस. माझा डबा मात्र नेमाने खात होतास. आता ते सारे पुन्हा वाचून काढले. 1921 च्या नोव्हेंबरात अमृतसरच्या डेप्युटी कमिशनरने अधिकारी पाठवून सुवर्णमंदिराची व्यवस्था पाहणाऱ्या सुंदरसिंग रामगढियांच्या घरून तिथल्या तोशाखान्याच्या, म्हणजे खजिन्याच्या, 53 चाव्या नेल्या. पुढे अमृतसरजवळच्या अजनाल्याला सरकारने आपली बाजू पटवण्यासाठी सभा बोलावली, आणि शिखांनी स्वतःची बाजू मांडू म्हणताच त्यांना धरले. गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी समितीचे अध्यक्ष बाबा खरकसिंगही आत गेले. शेवटी सरकारच नमले, कैदी सुटले, आणि 19 जानेवारी 1922 रोजी अकाल तख्तासमोर त्याच चाव्या बाबांच्या हाती परत आल्या. ही स्वातंत्र्याची पहिली लढाई जिंकली, अशी तार गांधीजींनी त्यांना केली होती.

गच्चीवर तू हे सगळे सांगितलेस, पण मी ऐकले ते फक्त तुरुंगाचे. तुमच्या लोकांनी त्याआधी गुरुद्वारे सांभाळणाऱ्या आपल्याच महंतांना जाब विचारला होता, आणि त्यापायी 1921 च्या फेब्रुवारीत ननकाना साहिबला महंताच्या माणसांनी जथा कापून काढला, हे माझ्या कानावरून गेले. आधी घर झाडले म्हणून सरकारला उंबऱ्याबाहेर उभे करण्याचे तोंड त्यांना होते. आमच्या विश्वस्तांनी, म्हणजे मुख्यतः मी, अकरा वर्षे हिशेब गावापुढे ठेवलेला नाही. मी कोणत्या तोंडाने चाव्या नाकारणार होतो?

तरीही त्या माणसाच्या खिशात तो दोरा जाताना पाहून पोटात कालवले. 2024 मध्ये तुमच्या नांदेडच्या गुरुद्वारा बोर्डाचा 1956 चा कायदा बदलून सरकारनियुक्त सदस्य वाढवण्याचे घाटत होते आणि तू मोर्चात निघाला होतास, तेव्हा ‘निदान हिशेब तरी लागतील’ असे मी फोनवर म्हणालो आणि तू फोन आपटलास. ते वाक्य मी परत घेतो. अर्धे घेतो, कारण हिशेबाचे मला अजूनही खरे वाटते.

दिल्लीत ज्या रस्त्यावरच्या एम्पोरियममध्ये आपण हिच्यासाठी साडी घेताना तासभर भांडलो, तो रस्ता याच बाबांच्या नावाचा. डेरा गाझीखानच्या तुरुंगात शीख कैद्यांना पगडी आणि हिंदूंना गांधी टोपी घालण्यास बंदी झाली, तेव्हा त्यांनी कछेरा, म्हणजे शिखांची आखूड विजार, सोडून सारे कपडे उतरवले. पुढे पगडीला परवानगी मिळाली तरी टोपीसाठी तसेच राहिले, 1927 मध्ये सुटेपर्यंत, तिथल्या थंडीत. आणि इथे मला जानेवारीत बंब पेटल्याशिवाय न्हाणीत जाववत नाही, हे तू सुरिंदरला सांगू नकोस.

नातवाचे बारसे झाले असेलच, नाव कळव. तुझ्या मोतीबिंदूचे काय झाले? सुरिंदरला नमस्कार.

वरच्या कार्यालयात हरकत नोंदवावी, असे गावातली पोरे म्हणतात. मी म्हटले, आधी हिशेब चावडीवर वाचू, मग अर्जावर सही करतो. तीन दिवस वह्या मांडून बसलो आहे. पहिल्याच वर्षीच्या जत्रेत नारळांच्या लिलावाचे 340 रुपये जुळत नाहीत, आणि ज्याने ते घेतले होते तो वारला. तू चार दिवस येऊन जाशील का? बेरजा तुझ्याच बऱ्या होत्या.

तुझा,
वसंता