चिमणे, टायमर वाजला की विचारायचं

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद,

काल व्हिडिओ कॉलवर तुझं तोंड बघूनच कळलं काहीतरी बिनसलंय, आईसमोर तू बोलली नाहीस, पण नंतर पाठवलेला व्हॉइस मेसेज मी गच्चीवर जाऊन दोनदा ऐकला. ट्रेनिंगमध्ये तू रेडिओवर होतीस, ऑफिसर एका घरी चेकिंगला गेला, तुझ्या स्क्रीनवर त्याची खुशाली विचारायचा टायमर वाजला, आणि तू "त्यांना कशाला डिस्टर्ब करू" म्हणून चार मिनिटं गप्प बसलीस, मग ट्रेनर बाईंनी सगळ्यांदेखत हेडसेट काढून ठेवायला लावला. ऑफिसर ठणठणीत होता तरीसुद्धा.

मी त्या बाईंच्या बाजूने आहे. राग आला तर येऊ दे.

खरं सांगू का, अमेरिकेची सिटिझनशिप झाल्यावर तू सरकारी नोकरीचं बोललीस, पॅरोल ऑफिसर लोकांची डिस्पॅचर, म्हणजे रेडिओवरून त्यांच्याशी बोलणारी, तेव्हा माझ्या डोक्यात आपलाच पॅरोल होता. आपल्याकडे पॅरोल म्हणजे रजा. कुणाचा बाप गेला, कुणाच्या बहिणीचं लग्न आहे, दिवस मोजून सुटायचं आणि मुदत संपली की परत येरवडा नाहीतर कळंबा जेल. नियम १९५९ चे, कागदावर फर्लोला, म्हणजे काही कारण न देता मिळणाऱ्या सुट्टीला, संचित रजा आणि पॅरोलला अभिवचन रजा. २०२० ला करोनात ४५ दिवसांचा इमर्जन्सी पॅरोल निघाला तेव्हाही अट काय, तर ३० दिवसांतून एकदा ठाण्यात हजेरी. (पॅरोल हा मूळ फ्रेंच शब्द, म्हणजे दिलेला शब्द, वचन. अभिवचन हे नाव ज्या कारकुनाला सुचलं त्याला मानलं बुवा.) तुमच्याकडे माणूस तुरुंगातून बाहेर येतो तो परत जायच्या तारखेशिवाय, उरलेली शिक्षा घरी राहून, आणि लक्ष ठेवायला ऑफिसर.

म्हणजे फरक बघ कुठे पडतो. आपल्याकडे तो ठाण्याची पायरी चढतो, तिथे चार पोलीस बसलेले असतात. तुमच्याकडे ऑफिसर त्याच्या दारात जातो, आत कोण आहे, कुत्रं आहे का, कुणी प्यायलंय का, काही माहीत नाही, आणि तो त्या दारात आहे हे त्या क्षणी पक्कं माहीत असलेलं माणूस एकच, तू. टायमर त्यासाठी आहे गं.

आता जे तुझ्या आईलाही नीट सांगितलं नाही ते सांगतो. तू लहान होतीस, मी पोलीस कंट्रोल रूमला नाइटला. कॉम्प्युटर कसला, जाडं लॉगबुक, भिंतीवरचं घड्याळ आणि वायरलेस सेट. पाऊस मरणाचा. एक हवालदार बुलेटवर राउंडला, शेवटचं बोलला "नाक्यावरून निघतोय, ओव्हर". मग शांत. अर्धा तास झाला, मला वाटलं चहाला थांबले असतील, सीनियर माणूस, उगाच विचारलं तर म्हणतील काय रे दम निघत नाही का. चाळीस मिनिटांनी हाक मारली, उत्तर नाही. गाडी पाठवली तर माणूस रस्त्याच्या मोरीखाली, पाय मोडलेला, सेट पाण्यात. वाचले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे पेन्शनच्या कागदांना लंगडत आले, माझ्यासोबत चहा प्यायले, पावसाच्या गप्पा मारून गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी दर पंधरा मिनिटांनी हाक मारायचो, पोरं मागून मला भोंगा म्हणायची. म्हणू देत.

दुसरं ते हिटचं, म्हणजे सिस्टिममध्ये नाव जुळल्याचं. गाडीचा नंबर टाकला, सिस्टिमने वॉरंट दाखवलं आणि तू लगेच ऑफिसरला "वाँटेड आहे" म्हणालीस. अगं, एका तालुक्यात एकाच नावाचे दहा पाटील निघतात, तिकडेही तेच. स्क्रीनवर दिसलं म्हणजे फक्त दिसलं, ज्या खात्याने वॉरंट टाकलं त्यांच्याकडून कन्फर्म झाल्याशिवाय अटक नाही, आणि अर्जंट असेल तर त्यांना १० मिनिटांत उत्तर द्यावं लागतं हे तूच मला शिकवलंस. तेवढी १० मिनिटं तोंडाला कुलूप लावायचं असं नाही, पण "हिट आहे, कन्फर्म करतेय" एवढंच बोल, जपून राहा म्हण.

पॅरोलवरच्या लोकांच्या पायातल्या जीपीएस पट्ट्याचे अलार्म बहुतेक बॅटरी उतरल्याचेच असतात म्हणालीस, पहाटे तीनला वैताग येतो म्हणालीस. येणारच. तरी प्रत्येक वेळी लॉगमध्ये वेळ लिही, नंतर लिहीन म्हणून ठेवलेली वेळ खोटीच असते.

आणि हो, रेडिओवर ए-बी-सी अक्षरं सांगताना तुमचं ॲडम-बॉय-चार्ल्स माझ्या अल्फा-ब्राव्होत मिसळू नकोस. एन फॉर नोरा, नोव्हेंबर नाही. परवा सराव करताना तू व्हीला "वडापाव" म्हणालीस ते माझ्याकडे रेकॉर्ड आहे, जावईबापूंना पाठवणार आहे.

आई विचारतेय नाइटला डब्यात काय नेतेस, सँडविच सांगू नकोस, ती जेवायची नाही दोन दिवस. चकल्या आणि मेतकूट या आठवड्यात कुरिअरने निघेल. ट्रेनर बाई रोज जो शेऱ्यांचा कागद देतात त्याचा फोटो पाठव, चांगल्या दिवसाचा नको, कालचाच पाठव.

तुझे,
अण्णा