प्रत्येक क्ष-किरण महाकाय कृष्णविवराचा नव्हे

मा. संपादक, स. न. वि. वि.

दूरच्या दीर्घिकांमधून येणाऱ्या क्ष-किरणांविषयीचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. असा विषय छापल्याबद्दल आभार. परंतु हे सारे किरण दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरातूनच येतात, असा समज त्यातून होतो, तो दुरुस्त व्हावा.

ज्या दीर्घिकेचे केंद्र शांत आहे, म्हणजे तेथील महाकाय कृष्णविवर फारसा वायू गिळत नाही, आणि जेथे नवे तारे वेगाने जन्मत आहेत, तेथील क्ष-किरणांचा मोठा वाटा जोडताऱ्यांचा, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या जोड्यांचा असतो. जोडीतील अधिक वस्तुमानाचा तारा सहसा आधी संपतो आणि मागे न्यूट्रॉन तारा (मृत ताऱ्याचा अतिघन गाभा) किंवा लहानसे कृष्णविवर उरते. सोबत्याचा वायू त्याच्याकडे ओढला जाताना बहुधा चकतीच्या रूपाने त्याभोवती फिरतो, लाखो अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण फेकू लागतो. आपल्याच आकाशगंगेतील 'सिग्नस एक्स-१' या जोडीत सूर्याच्या सुमारे २१ पट वस्तुमानाचे कृष्णविवर आणि एक निळा महातारा साधारण ५.६ दिवसांत परस्परांभोवती फेरी पुरी करतात. (वृत्तात अशा जोड्यांना 'जुळे तारे' म्हटले आहे, जोडीतला एक मरून गेल्यावर जुळेपण कसले? 'जोडतारे' हाच शब्द बरा.)

या भेदाला महत्त्व आहे. महाताऱ्यांचे आयुष्य काही दशलक्ष वर्षांचेच असल्याने त्यांच्या जोड्यांचे क्ष-किरण जितके अधिक, तितका तेथील ताऱ्यांच्या जन्माचा वेग अधिक, असा हिशेब मांडता येतो. लहान सोबती असलेल्या जोड्या मात्र अब्जावधी वर्षे टिकतात आणि जुन्या ताऱ्यांची मोजदाद देतात. शिवाय जड मूलद्रव्ये कमी असलेल्या दीर्घिकांत महाताऱ्यांचे वारे, म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावरून बाहेर वाहणारा वायू, क्षीण असतात, ताऱ्याचे वस्तुमान कमी उडून जाते आणि अधिक वजनाची कृष्णविवरे उरतात. बाल्यावस्थेतील विश्वाचा थंड वायू तापवण्यात अशाच जोड्यांचा हात असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

किरणोत्सवाच्या दिवसांत अंबाबाईच्या गाभाऱ्याकडे येणाऱ्या सूर्यकिरणांच्या वाटेतील अडथळ्यांची चर्चा आपण कोल्हापूरकर हिरिरीने करतो. क्ष-किरणांच्या वाटेत पृथ्वीचे वातावरणच आडवे येते, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची 'चंद्रा' ही क्ष-किरण दुर्बीण १९९९ मध्ये गेली आणि तिने दक्षिण आकाशाचा एक छोटा तुकडा एकूण सुमारे ७० लाख सेकंद, म्हणजे ८१ दिवसांइतका वेळ न्याहाळला. तरीही अतिदूरच्या सामान्य दीर्घिकांचे किरण इतके विरळ, की अनेक दीर्घिकांच्या प्रतिमा एकावर एक रचून सरासरी काढावी लागते. आपल्या वृत्तात नेमकी हीच बाब राहून गेली आहे.

भारताचा 'अ‍ॅस्ट्रोसॅट' हा खगोल-उपग्रह २०१५ पासून जवळच्या अशा जोड्या पाहत आला आहे आणि त्यावर काम करणारी 'आयुका' ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पुण्यातच आहे. पुढील वृत्त छापण्यापूर्वी तेथील एखाद्या अभ्यासकाच्या नजरेखालून ते घालावे आणि वरील दुरुस्ती त्याच पानावर प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर