हात मागे बांधून उभ्या राहिलेल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं जाहीर. ओळख पटावी एवढ्यासाठी सांगतो. दुपारी तीनच्या सुमारास, पूल ओलांडून नदीचा काठ सुटतो आणि घाट लागतो तिथे, कठड्यापाशी सायकल उलटी करून एक माणूस बसला होता. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आऱ्यांत अडकलेला, चेन लोंबतेय आणि कपाळावर ग्रीसचा आडवा पट्टा. पट्ट्याचं मला रात्री आरशात कळलं. तेवढं तुम्ही सांगितलं असतंत तरी चाललं असतं.

तुमच्या आधी सात-आठ जण घाट उतरून गेले. वेग न सोडता "सगळं ठीक ना?" असं विचारायचे आणि मी अंगठा वर करायचो. आपल्या सायकलवाल्यांचं हे असंच. विचारणाऱ्याला "हो" ऐकायचं असतं आणि सांगणाऱ्याला लाज वाटत असते. तुम्ही तसलं काही विचारलं नाहीत. थांबलात, सायकल कठड्याला टेकवलीत, हेल्मेट काढून हँडलला अडकवलंत. हेल्मेट निघालं तेव्हाच मी ओळखलं, या बाई पाच मिनिटांत जायच्या नाहीत.

मग वाकून चाकाकडे बघत तुमचा पहिलाच प्रश्न आला, "सायकल उजव्या बाजूवर पडली होती का?"

मी म्हणालो, "नाही."

तुम्ही माझ्या उजव्या पॅडलकडे नजर टाकलीत. त्याच्या कडेला ताजा ओरखडा होता. मग म्हणालात, "बरं. चेन कटर आहे?"

नव्हता. माझ्या पिशवीत दोन ट्यूब होत्या, हवेचं छोटं सिलिंडर होतं, दोन दिवे होते, पावसाचं जाकीट होतं. चेनची पिन ढकलून ती सोडवणारा चेन कटर मात्र नव्हता, कारण चेन कधी तुटली नव्हती. तुम्ही तुमचा काढलात, माझ्या हातावर ठेवलात आणि दोन पावलं मागे सरून हात पाठीमागे बांधून उभ्या राहिलात. खरं सांगू? त्या क्षणी मला तुमचा राग आला. मदत करायला थांबलेलं माणूस मदत करतं ना! पुढचा पाऊण तास तुम्ही तोंडानं बोलत होतात आणि हात माझे चालत होते.

मोडलेला तुकडा मी तुम्हाला दाखवला तेव्हा मला वाटत होतं, फ्रेमच गेली. तुम्ही सांगितलंत की तो हँगर. डिरेलर ज्याला लटकतो तो अॅल्युमिनियमचा पत्रा. तो मुद्दामच मऊ ठेवतात, घाव बसला की आधी त्यानं मोडावं आणि फ्रेम वाचावी म्हणून. अडचण एवढीच की जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळ्या आकाराचा असतो, त्यामुळे दुसऱ्याचा आपल्याला बसेलच असं नाही. (घरी आल्यावर वाचलं. सगळ्यांना चालेल असा एक हँगर 2019 मध्ये स्रॅम कंपनीनं आणला, पण माझी फ्रेम त्याच्या आधीची.) म्हणजे हँगर बदलणं तिथे शक्य नव्हतं. राहिला एकच मार्ग. डिरेलर बाजूला करायचा, चेन छोटी करायची आणि एकाच गिअरवर घर गाठायचं.

हे मी यूट्यूबवर पाहिलं होतं. पाहणं आणि करणं यांच्यात जे अंतर असतं ते त्या कठड्यापाशी मोजलं. पहिला धडा, केबलचा स्क्रू सैल करून डिरेलर सोडवला. दुसरा, चेन कुठे बसवायची. मला वाटलं सगळ्यात हलका गिअर घ्यावा, पुढे चढ आहे. तुम्ही म्हणालात, "मागून एका डोळ्यानं बघा. चेन सरळ कुठे जाते?" खाली बसून बघितलं. पुढे चौतीस दात्यांची छोटी चकती, मागे मधली सतरा दात्यांची. तिथे चेन सरळ रेषेत होती. तिरकी बसवली तर ती चालता चालता शेजारच्या मोठ्या चकतीवर चढते आणि इतकी ताणते की पॅडलच फिरत नाही, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मी घाटाच्या मध्यावर शिकलो असतो.

मग कड्या मोजणं. चेनची प्रत्येक कडी अर्धा इंच, त्यातली एक आतली अरुंद, एक बाहेरची रुंद. क्विक लिंक (चेनची दोन टोकं जोडणारी सुटी कडी) लावायची तर दोन्ही टोकांना अरुंद कडीच यायला हवी, त्यामुळे हवी तेवढीच चेन कापता येत नाही. एकदम एक इंच जास्त किंवा एक इंच कमी. मी दोनदा मोजलं. तुम्ही "अजून एकदा" म्हणालात. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा चूक सापडली. कटरची सुई पिनेच्या बरोबर मध्यावर टेकवायची, मूठ हळूहळू फिरवायची; आधी जोर लागतो, मग एकदम हलकं होतं आणि पिन गवतात पडते. ती हलकं होण्याची जाणीव अजून बोटांत आहे.

शेवटी दोन्ही टोकं जवळ आणून क्विक लिंक अडकवायची वेळ आली तेव्हा मला तिसरा हात हवा होता. तुम्ही पहिल्यांदा हात पुढे केलात. दोन बोटांनी दोन्ही टोकं धरून ठेवलीत, बस्स. लिंकसुद्धा तुमचीच. मग सायकल सरळ केली, लिंक वरच्या बाजूला आणली, मागचा ब्रेक दाबला आणि पॅडलवर उभा राहिलो. टक! लिंक बसली.

त्या दोन बोटांवरून मला एक जुनी गोष्ट आठवते. 1913 च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत युजेन क्रिस्तोफ हा सायकलपटू पिरेनीज डोंगरांतला तुर्माले घाट उतरत असताना त्याच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुफाटा, मोडला. बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही असा तेव्हाचा नियम. गडी सायकल घेऊन दहा किलोमीटरांहून जास्त चालत खालच्या गावात पोचला आणि लोहाराच्या भट्टीवर फोर्क स्वतः जोडला. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभं राहून बघत होते. त्यांनी तरीही दंड केलाच, कारण भाता एका लहान मुलानं ओढला होता. ही गोष्ट सांगणारे सगळे क्रिस्तोफचं कौतुक करतात. मला हल्ली तो भातावाला पोरगा आवडतो. त्या हिशेबानं तुम्हीही माझ्या दंडाला कारण झाला असतात, ताई. पण पाऊण तासात फक्त दोन बोटांपुरत्या.

पुढच्या रस्त्याचंही तुमचं ऐकलं म्हणून निभावलं. चौतीसला सतरा म्हणजे पॅडल एकदा फिरलं की चाक दोनदा, साधारण सव्वाचार मीटर. तुम्ही म्हणाला होतात, "चढावर बसून रेटू नका, उभं राहून शरीराचं वजन टाका, आणि वळणाच्या आतून जाऊ नका, तिथे चढ जास्त असतो." खरंच, वळणाच्या बाहेरच्या अंगानं गेलं की दोन-चार पावलं जास्त पडतात पण मांड्या वाचतात. अर्थात समोरून कुणी येत नाही हे बघूनच. दोन ठिकाणी उतरून चाललो. सायकल ढकलताना आधी कसंतरी वाटत असे, त्या दिवशी नाही वाटलं. टूरमध्ये 1937 पर्यंत डिरेलर लावायलाच परवानगी नव्हती; तोवर लोक घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचे, उलटं करून बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या चकतीवर चढ चढायचे. मी निदान चाक तरी काढत नव्हतो.

उतारावर सावलीतल्या वळणांत खडी वाहून आली आहे, हेही तुम्हीच बजावलं होतं. तिसऱ्या वळणावर ती होती. ब्रेक वळणाच्या आधीच आवरला होता, म्हणून मी आज हे लिहितोय.

आणि वारा! पलीकडच्या खोऱ्यात नदीच्या प्रवाहाबरोबर खाली जायचं होतं, म्हणून मी खुशीत होतो. तुम्ही हसलात. दुपारी डोंगरउतार तापतात, त्यांच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालून खोऱ्यातून वारा वर येतो. म्हणजे नदी खाली, वारा वर, आणि मी त्याच्या तोंडावर. "पण एकाच गिअरवर तुम्हाला तो फायद्याचाच," असं म्हणालात. तेव्हा टोमणा वाटला. मोकळ्या सपाटीवर पाय नुसते गरगरले असते. वाऱ्यामुळे प्रत्येक पॅडलला काहीतरी धरायला मिळालं. ओढे नदीला मिळतात तिथे रस्ता दर वेळी खाली उतरून पुन्हा वर येत होता आणि त्या दर चढाला मी तुमची आठवण काढत होतो, सुरुवातीला जरा वेगळ्या शब्दांत. सूर्य डोंगराआड गेल्यावर वारा पडला. शेवटचे चार-पाच किलोमीटर पाण्याचा आवाज आणि चेनचा आवाज, एवढंच होतं. त्या चेनमध्ये आता कुठेही टिकटिक नव्हती.

त्या टिकटिकीवरून आठवलं. ती सकाळपासून येत होती, सगळ्यात मोठ्या चकतीवर गेलं की. मी ऐकत होतो आणि दुर्लक्ष करत होतो. पुलानंतर चढ अंगावर आला, मी शेवटचा हलका गिअर टाकला आणि वाकलेल्या हँगरनं डिरेलर सरळ आऱ्यांत नेला.

तुमची क्विक लिंक अजून माझ्याकडे आहे. चेन नवी घातली, लिंक काढून पुसून डबीत ठेवलीय. कटर आता पिशवीत असतो. गेल्या महिन्यात एक मुलगा चेन तुटून बसला होता, त्याला दिला आणि हात मागे बांधले. फार अवघड गेलं हो. त्यानं पिन वाकडी घातली तेव्हा दोनदा तोंडापर्यंत आलं, "आण इकडे." तुम्हाला माझ्या वेळी किती वेळा आलं असेल?

आणि ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. पडली होती. आदल्या संध्याकाळी, भिंतीला टेकवून ठेवली होती तिथून, उजव्याच बाजूवर.

तुमचा,
कपाळावर ग्रीस असलेला