आजोबांच्या मागाची होडी

सोलापूर,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आई व ती. अण्णा यांस,
मनूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं म्हणून तीनदा नंबर लावला आणि तिन्ही वेळा आईच्या गुडघ्याचं आणि दादाच्या सोसायटीतल्या बंद लिफ्टचं बोलून ठेवून दिला. म्हणून लिहितेय. शेजारच्या काकू पुढच्या आठवड्यात लेकीकडे पुण्याला येताहेत. तुम्हाला भेटल्याशिवाय त्या राहायच्या नाहीत, आणि भेटल्यावर गप्पही बसायच्या नाहीत.

अण्णा, माळ्यावरचा आजोबांचा हातमाग मी मोडला.

होडी बांधतेय हे तुम्हाला ठाऊक होतं. लाकूड कुठलं, असं तुम्ही मे महिन्यात विचारलंत तेव्हा मी "वखारीतलं" म्हणाले. ते अर्धं खरं होतं. प्लायवूड वखारीतलं, पण बाकीचं सागवान आपल्याच घरातलं. फेब्रुवारीत माळा झाडायला चढले तेव्हा मागाच्या दोन पायांना वाळवी लागलेली दिसली. बोट दाबलं तर आत गेलं, पापडासारखं. उरलेले भाग काळेकुट्ट, तेलकट, वर कोळ्यांची जाळी. एक दांडा खाली आणून तुमच्या रंध्याने वरचा थर काढला, तर आत मधाच्या रंगाचं लाकूड निघालं आणि अख्ख्या पडवीत सागाचा वास सुटला. तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता. तुम्ही "राहू दे" म्हणाला असता आणि मला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून केला नाही.

आता होडीच कशाला, हे. आई, तू हसलीस तशी अख्खी गल्ली हसली. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि ही बाई अंगणात होडी बांधतेय! कोपऱ्यावरचा किराणावाला रोज विचारायचा, "काय ओ ताई, पाणी कधी सोडणार गल्लीत?" मी त्याला सांगायचे, आपल्या नळाला येतं ते उजनीचं, टाकळीचं नाहीतर हिप्परग्याच्या तलावाचंच की, ते आपल्याकडे येतं तेव्हा येतं, मी त्याच्याकडे जाऊन बघते. खरं कारण याहून साधं आहे. शाळेत असताना तुम्ही मला गड्ड्याच्या जत्रेत लाकडी होडी घेऊन दिली होती, ती तलावात सोडू दिली नाहीत. वाया जाईल म्हणून. एवढंच.

पद्धत सांगते, कारण ती तुम्हाला आवडेल. यात साचा लागत नाही, फळ्या वाकवायला वाफ लागत नाही. प्लायवूडचे तुकडे शिंप्याने कापड बेतावं तसे बेतायचे, कडांना वीतभर अंतरावर भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे. तार पिळत गेलं की सपाट तुकडे आपोआप फुगतात आणि होडीचा आकार धरतात. इंग्लंडात १९६३ साली 'मिरर' नावाची शिडाची छोटी होडी निघाली, ती लोकांनी अशीच घरी शिवली, हजारोंनी. पण शिवणं आपल्याला नवीन नाही. मे महिन्यात तुम्हीच पेपरातला फोटो दाखवला होतात ना, नौदलाने कारवारला दाखल करून घेतलेलं 'कौंडिण्य', अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं, खिळा न वापरता काथ्याने शिवलेलं? त्या दिवशी मी अंगणात पक्कड घेऊन तारा पिळत बसले होते. मला एकदम भारी वाटलं.

प्लाय सहा मिलिमीटरचं, मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारं, त्याच्या मानकाचा ७१० चा शिक्का बघून घेतलं. पण ते येतं आठ फुटी आणि होडी बारा फुटी, म्हणजे जोड आलाच. कडेला कड लावून चिकटवलं तर वाकवताना तिथेच मोडतं. म्हणून दोन्ही कडा तिरक्या तासायच्या, जाडीच्या आठपट लांब, म्हणजे अठ्ठेचाळीस मिलिमीटर, आणि एकीवर एक बसवायच्या. मशीन नव्हतं. तुमचा छोटा रंधा होता. तासत गेले की प्लायचे पाचही थर पट्ट्यापट्ट्यांनी उघडे पडायला लागतात, एक फिकट, एक गडद, चादरीच्या काठासारखे. पट्टे सरळ आणि सारख्या रुंदीचे दिसले की उतार बरोबर. एक जरी पट्टा वळला, तर तिथे हात जास्त पडलाय. पहिल्या दिवशी माझे सगळे पट्टे नागमोडी होते. मग तुमचं वाक्य आठवलं, उलट्या नसेने रंधा मारलास तर लाकूड चिडतं. दुसऱ्या बाजूने उभी राहिले. चौथ्या फळीला पट्टे असे सरळ आले की मी फोटो काढून कुणाला पाठवू अशी अडचण झाली, कारण पाठवायचा तो तुम्हालाच.

सांध्यांना इपॉक्सी, म्हणजे दोन भागांचा पक्का गोंद. दोन डबे, ठरल्या प्रमाणात वजन करून मिसळायचे, की ते घट्ट होतं. किती वेळात, ते हवेवर. तापमान दहा अंश चढलं की वेळ निम्म्यावर येतो, आणि आपला मे महिना तुम्हाला माहीतच आहे. पहिला मग मी दुपारी कालवला. पाच मिनिटांत मग हाताला चटके द्यायला लागला, मग धूर, मग आत दगड. घट्ट होताना ते स्वतःच तापतं आणि मगासारख्या खोल भांड्यात ती उष्णता कोंडते. त्यावर उपाय म्हणजे कालवल्याबरोबर पसरट भांड्यात ओतणं. आई, आता तुझी मोठी परात का सापडत नव्हती ते तुला कळलं असेल. त्यानंतर महिनाभर मी पहाटे चारला उठून काम केलं. सहा वाजता काकू सडा घालायला बाहेर यायच्या तेव्हा माझं आवरलेलं असायचं, आणि त्यांना वाटायचं ही रात्रभर झोपतच नाही.

आतल्या कोपऱ्यांत त्याच इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून भरायचा, पुरणाइतका घट्ट, आणि गोल दांडीने एकसारखा ओढायचा. तारा कापून काढायच्या आणि वरून काचेच्या धाग्यांचं कापड. अण्णा, हे कापड तुम्हाला बघायला हवं होतं. साधी वीण, ताणा-बाणा अगदी उघडा, पांढरंशुभ्र. रोलरने इपॉक्सी लावत गेलं की ते डोळ्यांदेखत नाहीसं होतं आणि खालचं लाकूड दिसायला लागतं. जिथे पांढरं राहिलं तिथे पोचलं नाही असं समजायचं. मी वाकून बघत होते आणि मला एके ठिकाणी बाण्याचा एक धागा चुकलेला दिसला. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. ओमला दाखवला तर तो म्हणाला, "आई, तू वेडी आहेस."

गळती बघायला होडीत पाणी भरून बाहेरून बघतात. पाणी! मी चार दिवस कपड्यांचं शेवटचं पाणी साठवलं, पाणी आलं त्या दिवशी त्यात भर घातली आणि वीतभर भरली. मागच्या कोपऱ्यात एक थेंब जमायचा, पडायचा, पुन्हा जमायचा. त्याला खडूने गोल केला. मग तेच पाणी बादली बादलीने लिंबाला आणि कढीपत्त्याला घातलं, काकूंच्या तुळशीलासुद्धा, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

ट्रेलरचं मात्र मी डोक्यात फार सोपं धरलं होतं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एकाकडे दोन इंची चौकोनी पाइपचा सांगाडा करून घेतला, स्प्रिंगचे पाटे, हब, दोन चाकं, पुढे होडी ओढून घ्यायला हाताने फिरवायचा विंच. होडी भंगारवाल्याच्या काट्यावर अठ्ठावन्न किलो भरली, ट्रेलर ब्याण्णव. दीडशे किलोंत गोम अशी की पुढच्या दांड्यावर थोडं वजन यावंच लागतं, साधारण पाच ते दहा टक्के. कमी आलं तर ट्रेलर गाडीमागे शेपटी हलवतो आणि वेगात गाडीलाही घेऊन जातो. न्हाणीघराबाहेरचा आपला वजनकाटा दांड्याखाली ठेवला तर तीन किलो. कारागीर म्हणाला, "चालतंय की ताई." मी म्हटलं, चालत नाही. चाकांचा आस सहा इंच मागे घेतला, बारा किलो आले. नव्याने वेल्डिंगचे पैसे त्याने घेतलेच.

होडी टेकते त्या आडव्या लाकडांना मऊ काहीतरी हवं, म्हणून मी जुन्या चादरीच्या घड्या गुंडाळल्या. सोलापूरची होडी, सोलापूरची चादर, फार छान दिसत होतं. पावसाळ्यात ती सुती चादर पाणी धरून बसली आणि तिच्याखालचं व्हार्निश दोन्ही बाजूंना पांढरं पडलं, हातभर लांब. सगळं खरवडून परत केलं. आता तिथे पायपुसण्याचं नायलॉनचं कार्पेट आहे. दिसायला घाण, पण पाणी धरत नाही.

आणि अण्णा, गाडीला जोडून मी ट्रेलर रस्त्यावर काढलेला नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनातच मोडतो, त्याची नोंदणी लागते. कागद होईपर्यंत तो अंगणात आणि पाण्याच्या काठी हातगाडीसारखा. हिप्परग्याला पिकअपने दोन खेपा केल्या, आधी ट्रेलर, मग होडी, मागे तीन फूट बाहेर, लाल फडकं बांधून.

आई, तू श्वास रोखून वाचत असशील तर सोड. आम्ही तिघं, तिघांना जॅकेट, काठापासून लांब गेलो नाही, आणि तलावावर होडी घालायचा अर्ज आधी रीतसर केला होता. गेल्या वर्षी मे महिन्यात उजनीत कुगाव-कळाशीच्या वाटेवर वाऱ्याने बोट उलटून सहाजण गेले, ते मी विसरलेले नाही. वारा सुटला की आम्ही पाण्यात नसतो, हा नियम ओमने होडीतच खडूने लिहिलाय. पुढच्या आणि मागच्या बैठकीखाली हवाबंद कप्पे आहेत. गुडघाभर पाण्यात होडी मुद्दाम उलटवून पाहिली, ती बुडत नाही, नुसती ओशाळल्यासारखी तरंगते. ह्यांना पोहता येत नाही म्हणून हे उलटवायच्या दिवशी काठावर चहा पीत बसले होते.

आता मागाचा हिशेब. वाळवीचे दोन पाय जाळले. दोन लांब दांडे जोडून होडीच्या तळाचा कणा झाला. वल्ही अडकवायचे ठोकळे आडव्या पट्टीतून निघाले. आणि बाण्याचं सूत नेणारा धोटा जिच्यावरून पळायचा ती फळी. अण्णा, तुम्ही ती कधी हाताने चाचपलीत का? मधली तीन बोटं रुंदीची पट्टी काचेसारखी गुळगुळीत आहे, दोन्ही कडांना मात्र लाकूड अजून खरखरीत. कुणी घासलेली नाही, आजोबांच्या धोट्याने घासलेली. तिच्यावर मी रंधा चालवला नाही. व्हार्निशचा हात तेवढा दिला आणि मधली बैठक केली. वल्हवताना मी तिच्यावर बसते. पहिल्या दिवशी चार वेळा घसरले, इतकी गुळगुळीत आहे.

कापड गुंडाळायचा रूळ मी कापलेला नाही. सरळ आहे, निरोगी आहे, त्यातून दोन चांगली वल्ही निघतील. आत्ताची बाजारच्या लाकडाची आहेत आणि जड आहेत. पण तो तुमच्या होकाराशिवाय नाही. रागावला असाल तर रागवा, फक्त दादाच्या हातात फोन देऊन रागावू नका. गड्ड्याला याल ना? आईला जिना नको, मी खालची खोली आवरून ठेवलीय.

मागाच्या पेटीत एक धोटा सापडला, आत कांडीला अजून लाल सूत आहे. तो काकूंबरोबर पाठवतेय.

तुमची,
मनू

ता. क. आई, परात नवीन आणलीय. तेवढी मोठी मिळाली नाही.