उसळ काल करायची असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारच्या पुरवणीत ‘घरच्या घरी स्वस्त आणि पौष्टिक’ या मथळ्याखाली मटकीच्या उसळीची कृती आली होती. कृती बरोबर होती. फोटोही झकास, वर कोथिंबीर, शेजारी लिंबाची फोड. माझी तक्रार फक्त पहिल्या ओळीबद्दल आहे. साहित्यात पहिलंच लिहिलंय, ‘मोड आलेली मटकी, २ वाट्या’. पेपर आमच्याकडे सकाळी सातला येतो. सकाळी सातला ज्या घरात मोड आलेली मटकी तयार आहे, त्या घरातल्या बाईला तुमची कृती वाचायची गरज नाही. आणि ज्या घरात ती नाही, तिथं त्या दिवशी पेपरचा उपयोग रद्दीलाच.

हे शहाणपण मला साठीला टेकल्यावर आलं. मी एसटीत वाहक होतो, ३३ वर्षं. २०२२ साली निवृत्त झालो. घरात सहा माणसं. आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई, तिसरीतला नातू आणि बालवाडीतली नात. सूनबाई पतसंस्थेत आहे, सव्वानऊला घर सोडते ते संध्याकाळी साडेसहाला येते. स्वयंपाक सगळा आमच्या सौं.कडे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ती मोरीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन तपासलं तर ९.

पहिले अकरा दिवस डबा लावला. दोन्ही वेळा तीन-तीन डबे, ८० रुपयाला एक. रोजचे ४८०. अकरा दिवसांचे ५,२८०. वाहकाला हिशोब डोक्यातच होतो, तो करायला कुणी सांगावं लागत नाही. शिवाय डब्यातल्या भाजीवर तेलाचा तवंग बोटभर, आणि आठवड्यात पाच दिवस बटाटा. बाराव्या दिवशी मी म्हटलं, मी करतो.

बाजारातून पाव किलो मटकी आणली. सकाळी अकरा वाजता पातेलं गॅसवर ठेवून सौं.ना विचारलं, ‘अगं, उसळ कशी करायची?’ ती खुर्चीत बसली होती, हात गळ्यात अडकवलेला. तिनं मटकीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि हसायला लागली.

‘आवो, उसळ काल करायची असते.’

त्या दिवशी पिठलं झालं. गुठळ्यांचं.

संपादकसाहेब, त्या एका वाक्यात सगळं आलं. मंगळवेढ्याच्या माणसाला ज्वारी स्वस्त आणि चांगली असते हे सांगायला लागत नाही. आमची मालदांडी ज्वारी, तिला ‘मंगळवेढा ज्वारी’ म्हणून २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारं लोकांना लुटू दिली, ती याच गावात. १९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. रेशनवर आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरीची चव अजून जिभेवर आहे, आणि ती चव काही चांगली नाही. पुढं २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा पुरवण्यांतून ज्वारीचा पिझ्झा आला, ज्वारीचे कटलेट आले, ज्वारीचा केकही आला. भाकरी मात्र मला कुठं दिसली नाही. असो. सांगायचं इतकंच की काय खावं हे बहुतेकांना ठाऊक असतं. अडतं ते आदल्या रात्री दहा वाजता.

मटकी घ्या. सकाळी भिजत घालायची, रात्री पाणी काढून फडक्यात घट्ट बांधायची, दुसऱ्या दिवशी सकाळी मोड. हे उन्हाळ्यातलं वेळापत्रक. मार्गशीर्ष-पौषात गाडी लेट. फडकं डब्यात घालून डबा गरम कुकरच्या शेजारी ठेवला तरी एक दिवस जास्तीचा धरायचा. हुलग्याला त्याहून वेळ लागतो, आणि मोड आखूड येतात म्हणून नवशिका घाबरतो (मी घाबरलो होतो, टाकून देणार होतो). हरभरा, वाटाणा, पावटा रात्रभर. चवळी लवकर फुगते, ती पहाटे घातली तरी चालते. आंबील करायची तर ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रीच ठेवायचं. दह्याचं विरजणही रात्रीच लागतं. म्हणजे उद्याच्या जेवणाचा पहिला टप्पा रात्री जेवणं झाल्यावर सुरू होतो, आणि तिकीट तिथूनच काढावं लागतं. मधल्या थांब्यावर चढता येत नाही.

एकदा हट्टानं न भिजवता हरभरा लावला. कुकरच्या शिट्ट्या मोजणं सोडून दिलं. गॅसवर चांगली चाळीस मिनिटं, तरी दाताखाली कटकन. भिजवलेला असता तर पाच शिट्ट्यांत झाला असता. १४.२ किलोची टाकी आमच्याकडं पूर्वी महिनाभर जायची, आता चाळीस दिवसांच्या आसपास जाते. मी तारीख टाकीवर खडूनं लिहितो. विसरलंच तर एक चोरवाट आहे. हरभऱ्यावर उकळतं पाणी घालून घट्ट झाकायचं, दोन तासांनी कुकरला लावायचा. चव तीच येत नाही, पण वेळ निभते.

आरोग्याचं मी जास्त बोलणार नाही, मी डॉक्टर नाही. पण जे पक्कं आहे ते असं. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी, तो कडधान्यात भरपूर. कडधान्यात मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो ज्वारी भरून काढते. म्हणून भाकरी-उसळ ही जोडी. भिजवल्यानं आणि मोड आणल्यानं दाण्यातलं लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं, मग ते लोह जास्त अंगी लागतं. मोडात क जीवनसत्त्व तयार होतं. वर लिंबू पिळलं तर आणखी चांगलं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर केलेलं पाण्यात. हा चहा आमच्या घरात सगळ्यांत अवघड गेला. माझं अख्खं आयुष्य कॅन्टीनच्या चहावर गेलेलं. सौं.चं हिमोग्लोबिन पुढं वाढलं, पण गोळ्याही चालू होत्या, तेव्हा श्रेय मटकीला किती आणि गोळीला किती हे मी सांगू शकत नाही.

भाकरीची कथा वेगळी. पहिल्या दिवशी एकही अखंड उतरली नाही, कडेला सगळ्या फाटलेल्या. सौ. म्हणाली, ‘तिकिटं फाडताय का भाकरी थापताय?’ मग तिनं खुर्ची ओट्याशी घेतली आणि डाव्या हातानं शिकवलं. पिठात चिमूटभर मीठ, मधे आळं करून उकळतं पाणी, चमच्यानं ढवळायचं, हात सोसेल तेव्हा काठवटीत मळायला घ्यायचं. मळायचं ते तळहाताच्या टाचेनं, पुढं रेटत, पीठ लोण्यासारखं होईस्तोवर. मी दोन मिनिटांत थांबलो की ती म्हणायची, ‘अजून.’ थापलेली भाकरी पिठाची बाजू वर करून तव्यावर टाकायची, लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची. आणि दळण एका वेळी चार किलोच. जास्त दिवसांचं पीठ विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, मग आधणाचं पाणी घाला नाहीतर काही करा, भाकरी चिरणारच. माझी पहिली फुगलेली भाकरी सतराव्या दिवशी. नातवानं ती ताटात घेतली आणि पापुद्रा काढून आधी तोच खाल्ला. मी ती तारीख वहीत लिहून ठेवली आहे.

वहीचं सांगतो. नोकरीत रोज वेबिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरायचो, सवय जात नाही. स्वयंपाकघरात शंभर पानी वही अडकवली आणि त्यातच जेवणाचं वेबिल सुरू केलं. एका रात्रीचं देतो. मटकी पाव किलो ३० रुपये. ज्वारी एक किलो ४५, दळणावळ ६. एक किलोच्या बारा भाकरी होतात, माणशी दोन धरा, पोरांच्या उरतात त्या मी सकाळी दुधात कुस्करून खातो. तेल, कांदा, लसूण, काळं तिखट मिळून १५. ताक १५. एकूण १११. माणशी साडेअठरा रुपये. स्टँडसमोर एवढ्यात एक वडापाव येतो, चहा येत नाही. गॅस मी यात धरलेला नाही. पालेभाजी असली तर बाजार उठताना घ्यायची, शेपू, चाकवत, करडई, अंबाडी जे दिसेल ते. त्या वेळी विकणारी बाईच म्हणते, ‘न्या काका दोन जुड्या, परत कुठं नेऊ.’ तेलाचं डॉक्टरांनी माणशी महिना अर्धा लिटर सांगितलंय. सहा माणसांना तीन लिटर. पूर्वी आमच्याकडं पाच लागायचे. अजून साडेतीनवर अडकलोय, आणि तो वरचा अर्धा लिटर कुठं जातो तेही मला ठाऊक आहे. रविवारची भजी.

या वेबिलात एक रकाना मात्र कोरा आहे. माझी मजुरी. निवृत्त माणूस, पेन्शन थोडी पण वेळ बक्कळ, म्हणून माणशी साडेअठरा. सूनबाईनं हे सगळं पतसंस्था सांभाळून करायचं म्हटलं तर तिची तारांबळ होईल. तिनंच एकदा सांगितलं, ‘बाबा, कामाचं काही वाटत नाही, पण रात्री झोपताना उद्याचं आठवत बसायचा कंटाळा येतो.’ हे मी कधी मोजलंच नव्हतं. लग्नाला ३६ वर्षं झाली. त्यातल्या किती रात्री मी मुक्कामी गाडीवर बाहेर होतो, गाडीतच बाकावर अंग टाकायचो. पण घरी असायचो त्या रात्री रोज एक आवाज यायचा. दिवे मालवल्यावर डब्याचं झाकण, मग पातेल्यात दाणे पडल्याचा सळसळ आवाज, मग नळ. मला वाटायचं बाईला झोप येत नाही, काहीतरी आवराआवर करत बसते. एकदोनदा ‘झोप आता’ म्हणून ओरडलोही असेन. ती उद्याचं जेवण चालू करत होती.

तिचं मनगट आता बरं आहे. भाकरी तिनं परत घेतली, माझी तिला पसंत नाही. भिजत घालायची ड्युटी मात्र मी सोडलेली नाही.

म्हणून तुम्हाला विनंती. कृती छापा, फोटो छापा, आमचं काही म्हणणं नाही. पण रोज पहिल्या पानावर, जिथं तापमान आणि सूर्योदय-सूर्यास्त छापता, तिथं एक ओळ वाढवा. ‘आज रात्री भिजत घाला.’ सोमवारी तिथं ‘हरभरा’ असेल, मंगळवारी ‘आंबिलीचं पीठ’. बुधवारी ‘हुलगे, शुक्रवारसाठी’ असं दोन दिवस आधीचं. थंडीत वेळ वाढवून छापा. मालवणकडच्या आवृत्तीला काळा वाटाणा द्या, विदर्भाच्या आवृत्तीला तिथल्या माणसांना विचारून द्या, मला तिकडचं कळत नाही. अक्षर मोठं ठेवा, कारण ही ओळ रात्री चष्मा काढल्यावर वाचली जाणार आहे. आणि मेहेरबानी करून ती ‘गृहिणींसाठी’ म्हणून छापू नका. आमच्या घरात पेपर पहिला माझ्या हातात येतो, बहुतेक घरांत पुरुषांच्याच हातात येत असावा. त्यानं सकाळी वाचलं तर रात्री उठून दाणे ओतायला त्याला काही जड जात नाही. मूठभर धान्य, तिप्पट पाणी, झाकण.

पहिल्या महिन्याच्या तीस ओळी मी वहीतून उतरवून सोबत जोडल्या आहेत. मानधन नको. नाव मात्र छापू नये. डेपोत अजून ओळखीची मंडळी आहेत, ती मला आचारी म्हणायला लागतील.

आपला,
एक निवृत्त वाहक
मंगळवेढा, जि. सोलापूर

ता.क. : पुरवणीतल्या हुलग्याच्या कृतीत ‘शिजवलेले पाणी काढून टाकावे’ असं छापलंय. ते टाकायचं नसतं. त्याला लसूण-जिऱ्याची फोडणी, चार आमसुलं आणि मीठ घातलं की कट होतो. आमच्याकडं पोरं तो कपात घेऊन पितात.