ताई, कागद कोणाच्या टेबलावर आहे हे विचारायला तुम्ही शिकवलंत

प्रिय ताई,

तुम्ही म्हणाला होतात माझं नाव कुठे टाकू नकोस, म्हणून नाव लिहीत नाहीये, पण आभार मात्र उघडच मानायचेत कारण इंग्लंडमध्ये पहिलं घर घेणारी आपल्यातली बरीच मंडळी आत्ता त्याच गोंधळात असतील ज्यात आम्ही होतो, आणि त्या प्रत्येकाला तुमच्यासारखं कोणी भेटेलच असं नाही.

आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी प्रश्न टाकला होता की मॉर्गेज ऑफर हातात आलीये तरी सॉलिसिटर अजून बँकेच्या उत्तराची वाट बघतोय असं का म्हणतोय, बँकेने तर हो म्हटलंय ना. त्यावर कोणी म्हणालं सॉलिसिटर बदल, कोणी म्हणालं रोज फोन कर. तुम्ही ऑफिसात रोज हेच व्यवहार बघता, तुम्ही मला वेगळा मेसेज केलात आणि लिहिलंत, "अगं, तो सॉलिसिटर एकट्या तुमचा नाहीये, तो बँकेचाही वकील आहे." त्या एका वाक्यानंतर मला सगळी प्रोसेस वेगळी दिसायला लागली, खरंच.

ही गोष्ट आम्हाला ना ब्रोकरने सांगितली होती ना इस्टेट एजंटने. फी आम्ही देतो त्यामुळे वकील फक्त आमचा असं आम्ही धरून चाललो होतो, पण इथे साधारणपणे एकच सॉलिसिटर किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (फक्त घर-जमिनीचे व्यवहार बघणारा परवानाधारक) घेणाऱ्याचं आणि कर्ज देणाऱ्या बँकेचं असं दोघांचं काम बघतो, त्यासाठी तो त्या बँकेच्या पॅनलवर, म्हणजे मान्य वकिलांच्या यादीत लागतो, आणि बँकेने त्याला काय तपासायचं ते आधीच लिहून दिलेलं असतं. ते म्हणजे यूके फायनान्स या बँकांच्या संघटनेचं मॉर्गेज लेंडर्स हँडबुक, जुने लोक अजून सीएमएल हँडबुक म्हणतात ते. तुम्ही सांगितलंत की ते इंटरनेटवर कोणीही वाचू शकतं, पहिला भाग सगळ्यांना सारखा आणि दुसऱ्या भागात प्रत्येक बँकेची आपापली उत्तरं, तुझ्या बँकेचं पान उघड आणि लीजची, म्हणजे फ्लॅटच्या लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याची, किती वर्षं शिल्लक लागतात, गिफ्ट मिळालेलं डिपॉझिट चालतं का, ते स्वतः बघ. मी बघितलं. आमच्या सॉलिसिटरने तोपर्यंत विचारलेले जवळजवळ सगळे प्रश्न त्यातूनच आलेले होते. तो मुद्दाम अडवत नव्हता. ऑफर आली तरी बँकेचे पैसे तेव्हाच सुटतात जेव्हा हा वकील बँकेला सर्टिफिकेट ऑफ टायटल पाठवतो, म्हणजे या मालमत्तेचा हक्क स्वच्छ आहे असं स्वतःच्या सहीने सांगतो, आणि त्यात काही चुकलं तर बँक त्याला धरते. मग तो कशाला एकही कागद सोडेल.

त्यानंतर तुम्ही मला एकच सवय लावलीत. "काय झालं, किती वेळ लागेल" असं विचारायचं नाही, "आत्ता कोणता कागद कोणाच्या टेबलावर आहे आणि तो मागितला कधी" असं विचारायचं. आधीच्या ईमेलना "काम सुरू आहे" एवढंच उत्तर यायचं. हा प्रश्न विचारायला लागल्यापासून नावानिशी उत्तरं यायला लागली, कौन्सिलचा लोकल सर्च (मालमत्तेबद्दलच्या त्यांच्या नोंदींची तपासणी) यायचाय, एलपीई१ (लीजच्या माहितीचा फॉर्म) इमारत सांभाळणाऱ्या मॅनेजिंग एजंटकडे आहे, अमुक मुद्दा बँकेला कळवलाय. मग ज्याचं टेबल त्याच्याकडे पाठपुरावा. सॉलिसिटरला उगाच रोज फोन करणं आम्ही बंद केलं आणि त्यालाही ते बरं वाटलं असणार.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते बाबांच्या बाबतीत.

साताऱ्याजवळचा एनए प्लॉट विकून बाबांनी आमच्या डिपॉझिटसाठी पैसे द्यायचं ठरवलं होतं. आरबीआयच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे तिकडून पैसे निघायला काही अडचण नव्हती, प्रश्न इकडे होता. इथले मनी लॉन्डरिंगचे २०१७ चे नियम आणि त्यावर बँकेची अट, म्हणून सॉलिसिटरने मागितलं, पैसे देणाऱ्याची ओळख, त्याची बँक स्टेटमेंट, ते पैसे त्याच्याकडे कुठून आले त्याचा पुरावा, आणि एक पत्र की हे पैसे मी परत मागणार नाही आणि या घरावर माझा कुठलाही हक्क असणार नाही. बाबा शिक्षक होते, आयुष्यभर कोणाचे पाच रुपये बुडवले नाहीत, त्यांना ते पत्र वाचून फार लागलं. "मी माझ्या मुलीला देतोय, त्यात मी हक्क सांगणार नाही हे लिहून द्यायला मी काय परका आहे का," म्हणाले, आणि प्लॉटचे पैसे कुठून आले हे विचारतात म्हणजे माझ्यावर संशय घेतात का. मी समजावत होते पण मुलगी समजावते तेव्हा बापाला वाटतं ही आपल्याला गप्प करतेय.

तुम्ही त्यांना स्वतः फोन केलात. ओळख ना देख, तुमचं ऑफिस संपवून, तिकडे रात्र झालेली असताना. मी शेजारी बसून ऐकत होते. तुम्ही म्हणालात, "काका, संशय तुमच्यावर नाहीये, हे इथे प्रत्येकाला विचारतात, गोऱ्या आईबापांनाही असंच पत्र द्यावं लागतं. बँकेला भीती एवढीच की उद्या हप्ते थकले आणि घर विकायची वेळ आली तर कोणी उभं राहून म्हणायला नको की यात माझेही पैसे आहेत, आधी माझा वाटा द्या. तुमची सही झाली की बँक निर्धास्त, आणि बँक निर्धास्त झाली की तुमच्या लेकीचं घर होतं." मग बराच वेळ तुम्ही दोघं साताऱ्याबद्दल बोलत बसलात. फोन ठेवल्यावर बाबा मला म्हणाले पत्र पाठव, सही करतो. ताई, तुम्ही त्या दिवशी त्यांचा मान राखलात, आणि ते मला जमत नव्हतं.

कागदांचंही तुम्हीच सोपं केलंत. खरेदीखत मराठीत, सातबारा मराठीत, आणि सॉलिसिटरला सगळं सर्टिफाइड भाषांतर करून हवं होतं, ते खरेदीखत म्हणजे पानंच पानं. तुम्ही विचारलंत इंडेक्स टू आहे ना, त्यात विकणारा, घेणारा, किंमत, तारीख, नोंदणीचा नंबर सगळं एका ठिकाणी येतं, आधी त्याचं भाषांतर आणि विक्रीचे पैसे खात्यात जमा झाल्याचं स्टेटमेंट एवढं पाठवून बघ, आणि पाठवण्याआधी सॉलिसिटरला लेखी विचार की एवढं चालेल का. त्याने चालेल म्हटलं, वर खरेदीखताची पहिली आणि सह्यांची पानं मागितली, संपलं. कोणी सांगितलं नसतं तर आम्ही अख्खं खरेदीखत भाषांतराला दिलं असतं.

आणखी एक तुम्ही आधीच हेरलंत, नावं. माझ्या भारतीय पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव आहे, मॉर्गेज ऑफरवर ते नव्हतं. तुम्ही म्हणालात हे आत्ताच सांगून टाक, शेवटच्या आठवड्यात कोणाच्या लक्षात आलं तर ऑफर दुरुस्त करून येईपर्यंत सगळे थांबतील. ब्रोकरला एक ईमेल केला, झालं. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येकाचं असंच असतं त्यामुळे वाचणाऱ्यांनी आजच बघून घ्या.

माझ्या दिरांच्या बाबतीतही तुम्हीच समजावलंत. ते शिकायला इथे आमच्याकडेच राहतात, कर्जात नाव नाही, पण सतरा किंवा त्याहून मोठं कोणी त्या घरात राहणार असेल तर बँक त्यांची संमती लिहून घेते, की बँकेच्या हक्काआड माझा राहण्याचा हक्क आणणार नाही. फॉर्म बघून ते बावरले. तुम्ही सांगितलंत की १९८० साली इथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, बोलंड नावाच्या केसमध्ये घरात राहणाऱ्या बायकोचा हक्क बँकेच्या आधी धरला, तिचं नाव कागदावर नसताना, आणि तेव्हापासून बँका याबाबतीत फार जपून असतात. आणि हेही सांगितलंत की सही करायच्या आधी त्यांनी वेगळ्या वकिलाला विचारावं, तुमच्याही शब्दावर जाऊ नये. हे मला फार आवडलं. पहिल्या दिवसापासून तुम्ही म्हणत होतात की मी तुझी वकील नाही, तुझ्या सॉलिसिटरच्या वरचढ मी काही सांगणार नाही, मी फक्त तो काय विचारतोय त्याचा अर्थ सांगेन. आणि शेवटपर्यंत तसंच वागलात, फीचं नाव काढू दिलं नाहीत.

आता मार्चबद्दल. फ्लॅट तीन लाख चाळीस हजार पौंडांचा, आमचं पहिलंच घर, ३१ मार्च २०२५ पर्यंत कम्प्लिशन, म्हणजे पूर्ण पैसे देऊन ताबा, झालं असतं तर स्टॅम्प ड्युटी शून्य. १ एप्रिलपासून पहिल्या घराची माफी सव्वाचार लाखांवरून तीन लाखांवर येणार होती म्हणजे आम्हाला दोन हजार भरावे लागणार होते. सगळे कागद आले होते. ग्राउंड रेंट, म्हणजे लीजखाली मूळ मालकाला द्यायचं भाडं, वर्षाला अडीचशे पौंडांच्या वर होतं आणि तेव्हाच्या नियमात त्यामुळे लीजला धोका पोहोचू शकत होता, त्यावर विकणाऱ्याने इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे त्या धोक्याचा विमा, घेतली, बँकेने ती मान्य केली, तेही मिटलं. अडलं ते बिल्डिंग सेफ्टीवर. इमारत अकरा मीटरच्या वर, ईडब्ल्यूएस१ (बाहेरच्या भिंतींच्या आगसुरक्षेचा फॉर्म) होतं, पण बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट २०२२ खाली जी दोन सर्टिफिकेटं लागतात, एक लीजहोल्डरचं म्हणजे फ्लॅट विकणाऱ्याचं आणि एक लँडलॉर्डचं म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाचं, त्यातलं लँडलॉर्डचं येत नव्हतं. इस्टेट एजंट म्हणत होता बँकेला सांगा याशिवाय पुढे चला, तारीख जाईल. घरात आमचंही वातावरण तापलं होतं, दोन हजार पौंड म्हणजे आमचं नवीन फर्निचर होतं.

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी तसंच्या तसं लिहितेय. "बँक मागते त्यातलं सगळं तुझ्यासाठी नसतं, बँक स्वतःचे पैसे राखते. पण या एका कागदात तुझं आणि बँकेचं हित एकच आहे. ग्रेनफेलनंतर इथे लोकांना क्लॅडिंगची किती बिलं आली ते मी ऑफिसात बघितलंय. दोन हजार वाचवायला हा कागद सोडू नकोस." लंडनचा ग्रेनफेल टॉवर जून २०१७ मध्ये जळला, बहात्तर माणसं गेली, आणि त्यानंतर कितीतरी जणांना समजलं की आपण राहतो त्या इमारतीच्या भिंतींवरही तसंच पेट घेणारं आवरण, म्हणजे क्लॅडिंग, आहे आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याच गळ्यात पडू शकतो. त्या खर्चापासून फ्लॅटवाल्यांना वाचवणारा हा कायदा त्या लोकांना बराच उशिरा मिळाला. आम्हाला तो आयता मिळत होता आणि घाईपोटी आम्ही त्याचा पुरावा न घेता सही करणार होतो का, असं स्वतःला विचारल्यावर उत्तर सरळ होतं.

मग तुमचा तोच प्रश्न, कोणाच्या टेबलावर. विकण्याची रीतसर सूचना लँडलॉर्डला मिळाली की सर्टिफिकेट द्यायला कायद्याने चार आठवडे असतात, तर ती सूचना गेली कधी ते विचार. विचारलं, तर कळलं की विकणाऱ्याच्या बाजूने मॅनेजिंग एजंटला नुसते ईमेल गेले होते, लँडलॉर्डला रीतसर सूचना गेलीच नव्हती. ती गेली आणि घड्याळ तिथून सुरू झालं. ३१ मार्च गेला. एप्रिलमध्ये सर्टिफिकेट आलं, सॉलिसिटरने बँकेला सर्टिफिकेट ऑफ टायटल पाठवलं, एक्स्चेंज, म्हणजे दोन्ही बाजूंना बांधणारी करारांची अदलाबदल, झालं, आणि आम्ही दोन हजार भरले. मनापासून सांगते, ते पैसे गेल्याचं वाईट वाटत नाही.

त्या मधल्या दिवसांत ऑफरची मुदत आणि सर्चेसचे सहा महिने दोन्ही संपत आले होते, कारण कम्प्लिशनच्या दिवशी सर्च सहा महिन्यांपेक्षा जुने बँकेला चालत नाहीत. तुम्ही आधीच तारखा लिहून ठेवायला लावल्या होत्या म्हणून ब्रोकरला वेळेत सांगून ऑफर वाढवून घेता आली. आणि भाड्याच्या घराची नोटीस. एक्स्चेंज झाल्याशिवाय अजिबात द्यायची नाही, इथे तोपर्यंत कोणीही शब्द फिरवू शकतं, हे तुम्ही इतक्या कडक आवाजात सांगितलं होतंत की एजंटने कितीही आश्वासनं दिली तरी आम्ही ती दिली नाही. दिली असती तर एप्रिलमध्ये सामानासकट कुठे गेलो असतो माहीत नाही.

मला अजूनही राग येतो तो एका गोष्टीचा. या अटी काही गुपित नाहीत, सगळ्या लिहिलेल्या आहेत, मग ऑफर हातात देतानाच बँक किंवा ब्रोकर घेणाऱ्याला एक पान का देत नाही की आमचा वकील तुमच्याकडून आणि विकणाऱ्याकडून हे हे मागणार आहे, आत्ताच जमवायला लागा. बाबांना ते पत्र तीन महिने आधी शांतपणे दाखवता आलं असतं. मॅनेजिंग एजंटचंही तसंच, माहितीचे पैसे आधी घेतात आणि उत्तर सावकाश देतात, आणि दोन्ही बाजूंची माणसं बॉक्स भरून बसलेली असतात. तुम्ही हे रोज बघता आणि तरी संध्याकाळी एका अनोळखी मुलीचे ईमेल वाचायला वेळ काढलात, हे मला कळत होतं.

लँड रजिस्ट्रीची नोंद आता आली. आमच्या दोघांची पूर्ण नावं, माझं बाबांच्या नावासकट, आणि खाली बँकेचा चार्ज, म्हणजे कर्जाचा बोजा. त्याची प्रत बाबांना पाठवली, त्यांनी ती प्रिंट काढून प्लॉटच्या फाइलला लावली आणि मला विचारलं, त्या ताईंना पाठवलीस का? तर सोबत जोडतेय. आईबाबा पुढच्या महिन्यात इकडे येतायत, त्यांना तुम्हाला भेटायचंच आहे, तुम्ही आणि भाऊजी जेवायला या. रविवार चालेल का तेवढं कळवा.

तुमची,
रेडिंगची धाकटी बहीण